काहीच ऐकू न येण्याचा खर्च

लग्न झालेल्या माणसानं अशी वस्तू विकत घेऊ नये, जिचं काम एका वाक्यात सांगता येत नाही. फ्रिज थंड करतो. कूलर हवा देतो. मिक्सर आवाज करतो आणि जमलं तर चटणीही करतो. पण फोनो प्रीअ‍ॅम्प? तळहातावर मावेल एवढा काळा डबा. पुढे एक इवलासा दिवा, मागे चार भोकं आणि एक स्क्रू. बटण नाही, काटा नाही, पडदा नाही. पाहुण्यांना दाखवावा तर पाहुणे आधी डब्याकडे बघतात, मग आपल्याकडे, आणि मग विषय बदलून संत्र्याच्या बर्फीवर येतात.

डबा घरी आला त्या दिवशीचा संवाद असा:

"हे काय आणलं?"

"फोनो प्रीअ‍ॅम्प."

"पहिले होता नं?"

"तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आत होता. हा बाहेरचा."

"म्हणजे आत होता तो बाहेर आणला, अन् त्याचे पैसे दिले?"

तांत्रिकदृष्ट्या हे इतकं अचूक होतं की मला पुढे बोलताच आलं नाही.

खरं तर आमच्या टर्नटेबलबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. जुना, जड, मागच्या बाजूला ‘फोनो’ असं लिहिलेली दोन भोकं असलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. 1982 साली सीडी बाजारात आली आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांनी हळूहळू ही भोकं बुजवून टाकली. आमच्याकडे ती शाबूत होती आणि मी सुखी होतो. मग पुण्याहून मेहुणा आला. त्यानं डोळे मिटून वसंतराव देशपांड्यांची अर्धी बाजू ऐकली, चहा संपवला आणि म्हणाला, "छान आहे. फोनो स्टेज अजून आतलाच वापरता का?"

वाक्यात शिवी एकही नव्हती. सगळा जोर ‘अजून’वर होता. पुण्याची माणसं ‘अजून’ असं काही म्हणतात की समोरच्याला आपण कंदील लावून जेवत होतो असं वाटायला लागतं. "आवाज जरासा बंद आहे," तो पुढे म्हणाला. "पडदा आहे एक मध्ये. तो सरकला पाहिजे." मेहुणा रात्रीच्या गाडीनं गेला. पडदा राहिला.

त्या दिवसापासून मला गाणं ऐकू येईना. वसंतराव तान घ्यायचे आणि मी पडदा शोधायचो.

पडद्याच्या शोधात मी प्रथम बर्डीवर गेलो. नागपुरात जे मिळत नाही ते बर्डीवर मिळतं आणि तिथंही मिळालं नाही तर त्याची गरज नसते, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवरच्या पोट्ट्याला विचारलं, "फोनो प्रीअ‍ॅम्प आहे का?"

"प्रीपेड का पोस्टपेड?"

"फोन नाही. फोनो. रेकॉर्ड वाजवायला."

"रेकॉर्डिंगचं अ‍ॅप फुकट आहे, काका."

दुसऱ्या दुकानातले मालक वयस्कर होते. त्यांना सगळं कळलं. त्यांचे डोळेही भरून आले. तबकड्यांच्या आठवणी सांगून त्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं आणि शेवटी एक इमर्जन्सी लाइट विकला.

शेवटी डबा परगावाहून मागवला. अठरा हजार रुपये. (घरी आकडा वेगळा आहे. हा लेख घरी वाचला जाणार असेल तर इथं आठ वाचावं.)

आता अठरा हजारांत हा डबा करतो काय, हे जेवताना समजावून सांगणं आलं. मी पोळीचा तुकडा बाजूला ठेवला आणि रेकॉर्डच्या खाचेपासून सुरुवात केली. खर्जाचा सूर खाचेत जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद वळणं घेते की सुई शेजारच्या खाचेत उडी मारेल आणि एका बाजूवर चार-पाच गाणीही मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. 20 हर्ट्झचा सूर जवळपास एक दशांश करतात, 20 हजार हर्ट्झचा जवळपास दहापट. पूर्वी प्रत्येक कंपनीचं हे प्रमाण वेगळं असायचं. 1954च्या सुमाराला अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं एकच वक्ररेषा ठरवली, तिला आरआयएए म्हणतात, आणि पुढे जगानं ती मानली. ऐकताना नेमकं उलटं करायचं. खर्ज वाढवायचा, वरचे सूर कमी करायचे. हा डबा ते करतो.

सौ.नं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गाद्या माळ्यावर टाकताना दाबून बांधतो, अन् पाहुणे आले की सोडून फुगवतो. तसंच नं?"

"हो. पण यात पाव डेसिबलचासुद्धा फरक..."

"अन् जुना डबा गाद्या फुगवत नव्हता का?"

"फुगवत होता."

"मग?"

मी वसंतरावांच्या आड लपायचा प्रयत्न केला. म्हटलं, मूर्तिजापुरात जन्मलेला, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेला हा आपल्या मातीतला गवई; सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं एवढं मोठं सभागृह आहे; त्यांचा आवाज आपल्या घरात पूर्ण ऐकू यायला नको का? सौ. म्हणाली, "ते कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते. त्यांना विचारलं असतं तर हे बिल पास झालं नसतं."

डबा जोडायला घेतला. त्याच्या पोटाखाली इवल्या इवल्या पांढऱ्या कळा होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, आणि त्या हलवायला बोट जाड, नख मऊ आणि स्क्रूड्रायव्हर फारच पहिलवान. सौ.ची केसांची पिन लागली. तोंडात टॉर्च धरून, जमिनीवर उताणं पडून, डबा डोळ्यांवर धरून मी कळा वाचत होतो. 47 किलोओहम की 100 ओहम? 100 पिकोफॅरड की 220? 40 डेसिबल की 60? आमची सुई चुंबक हलवणाऱ्या जातीची. ती साधारण 5 मिलिव्होल्ट देते, तिला 40 डेसिबल, म्हणजे शंभर पट, पुरतात. तार गुंडाळून हलवणारी महागडी जात अर्धा मिलिव्होल्टही धड देत नाही, तिला हजार पट लागते. जितकी सुई महाग तितकं ती कमी बोलते. मोठ्या साहेबांच्या बाबतीतही हेच पाहिलं आहे.

पिकोफॅरडबद्दल पुण्याला फोन केला. मेहुणा म्हणाला, "100 ठेवा. हवा वाढेल." दुसऱ्या एका जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, "220 ठेवा. 100 ला नुसती हवा होते." मुलानं डोकं लावलं, "दोघांमधलं 160 ठेवा." ती कळच नव्हती.

सगळं जोडून आवाज वाढवला आणि घरभर ‘हूंऽऽऽ’ पसरला.

हा विजेचा षड्ज. 50 हर्ट्झला पक्का लागलेला, कधीही न थकणारा, कुठल्याही गवयाच्या पट्टीशी न जुळणारा. डबा शंभर पट करतो म्हणजे सगळ्याचंच शंभर पट करतो. त्यात गाणं कुठलं आणि घुर्र कुठली हे त्याला कोण सांगणार? शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "आज तंबोरा बेस लागला तुमचा. पण गाणारा काऊन वेगळ्या सुरात गाऊन राहिला?"

डबा डावीकडे सरकवला, घुर्र वाढली. उजवीकडे सरकवला, वेगळ्या प्रकारे वाढली. पुस्तकांवर ठेवला, स्टुलावर ठेवला, काही काळ हातात धरून बसलो. मग शोध लागला की अ‍ॅम्प्लिफायरला हात लावला की घुर्र जवळजवळ थांबते. म्हणजे उपाय होता. रेकॉर्ड वाजेपर्यंत घरातल्या एकानं अ‍ॅम्पला हात लावून उभं राहायचं. मुलानं लगेच दर सांगितला: एका बाजूचे पन्नास रुपये, शास्त्रीय असेल तर शंभर.

शेवटी इलेक्ट्रिशियन आला. त्यानं डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्लगच्या तिसऱ्या भोकात टेस्ट लॅम्प लावला आणि विचारलं, "भाऊ, अर्थिंगला पाणी कधी टाकलं होतं?"

"अर्थिंगला पाणी?"

"खड्डा कुठं हाये तुमचा?"

खड्डा कुठं आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सापडला तेव्हा तो स्कूटरच्या स्टँडखाली होता. खाली तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, हे सगळं ओलं राहिलं तरच वीज जमिनीत उतरते. आमचा खड्डा मे महिन्यात असा वाळला होता की कोळसा शेगडीत टाकला असता तर लगेच पेटला असता. "खडं मीठ आणा, अन् दोन-तीन बादल्या पाणी टाका. रोज टाका." त्याची मजुरी अडीचशे. मी अठरा हजारांचा डबा डोळ्यांआड करून ती दिली.

मग आमच्या गल्लीनं एक दृश्य पाहिलं. नळाला दिवसाआड पाणी, गुलाब माना टाकून उभे, आणि मी भर संध्याकाळी जिथं एक पानही नाही अशा जागी मिठाचं पाणी घालतोय. काका कंपाउंडवर कोपर टेकवून उभे राहिले.

"काय लावलं?"

"अर्थिंग."

"कलमी का बियाचं?"

"काका, विजेचं अर्थिंग. रेकॉर्डच्या आवाजासाठी."

"असं होय," काका म्हणाले. थोडा वेळ त्या ओल्या जागेकडे पाहून म्हणाले, "उन्हाळ्यात नाही लागत. मृगात लावायला पाहिजे होतं."

पण घुर्र गेली! पूर्ण गेली. आता या यशाचं प्रात्यक्षिक देणं भागच होतं. सासरे त्या आठवड्यात वर्धेकडून आले होते, मुलगा घरी होता, काकांना मुद्दाम बोलावलं. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. शांतता ऐकायची म्हणजे कूलर बंद करावा लागतो. बंद केला. पंखा कुरकुरतो, तोही बंद. फ्रिजचा प्लग काढला. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या लावल्या. बाहेर पंचेचाळीस अंश होते. आतलं पाहायला कुणाला धीर नव्हता. मी सुई रेकॉर्डवरून उचलून धरली आणि आवाज पूर्ण वाढवला.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही," सौ. पदरानं मान पुसत म्हणाली.

"बरोबर! तेच तर!"

"काही नाही हे ऐकायला बोलावलं का आम्हाला?"

"याला ब्लॅक बॅकग्राउंड म्हणतात. काळीभोर शांतता. लोक यासाठी लाखो मोजतात."

"कूलर बंद करून?" काकांनी विचारलं.

मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. घामाचे थेंब चष्म्यावर पडत होते. आणि त्या काळ्याभोर शांततेतून, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून, एक गंभीर पुरुषी आवाज आला: "...गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव टाळण्यासाठी कपाशीची पेरणी..."

आकाशवाणी! दोष आकाशवाणीचा मुळीच नाही. नागपूरला केंद्र 1948 पासून आहे, आणि 1988 मध्ये राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली तीच नागपूरहून, 1566 किलोहर्ट्झवर, 1 मेगावॉटच्या ट्रान्समीटरवरून. अशा शहरात शंभर पट करणारा डबा आणून त्याला हातभर वायरींच्या एरियल जोडल्या, तर हवेत जे असेल ते आत यायचंच. मी घाईनं आवाज कमी करायला वाकलो, तोच सासरे गरजले, "थांबा! हात लावू नका!"

सासऱ्यांची कपाशी आहे. ते खुर्ची पुढे ओढून बसले. फरदड घेऊ नये, कामगंध सापळे लावावेत, सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं. ‘कामगंध’ला मुलगा हसला, त्याला गप्प केलं. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे वळले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जावयाबद्दल आदर दिसला. "फार स्पष्ट येते हो! आमच्या रेडिओत खरखर असते. केवढ्याला घेतला?"

"आठ," सौ. म्हणाली.

"स्वस्त पडला."

दुसऱ्या दिवशी वायरींवर फेराइटची कडी बसवली आणि बोंडअळी गेली. सासऱ्यांनी तीन वेळा डबा थोपटून पाहिला. "चांगला चालत होता. काय करून ठेवलं?" नंतर त्यांनी सौ.ला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं की जावयाच्या हाती चांगली वस्तू टिकत नाही.

इथं मी थांबायला हवं होतं, असं म्हणणारे लोक या छंदात पडलेले नाहीत. मेहुणा उन्हाळ्याच्या सुट्टीत परत आला तो स्वतःचा डबा घेऊन. त्याच्यात दिव्यांचे दोन व्हॉल्व्ह होते. खरे, काचेचे, केशरी उजेडाचे. "तुमच्या डब्यात चिप आहे," तो म्हणाला. "चिप अचूक असते, पण तिला जीव नसतो." दोन्ही डबे शेजारी ठेवले. सगळ्यांनी आळीपाळीनं ऐकलं. व्हॉल्व्हवाला एकमतानं जिंकला. माझ्याच घरात, माझ्या माणसांनी त्याला मत दिलं. मुलगाच तेवढा मोबाइलवर आवाज मोजत बसला होता. "मामा, तुमचा डबा तीन डेसिबलनं मोठा वाजतोय. म्हणून चांगला वाटतोय."

"आवाजाचा यात संबंध नाही," मेहुणा मोठ्यानं म्हणाला.

पट्टी सारखी केली. पुन्हा ऐकलं. आता कुणालाच फरक सांगता येईना, म्हणजे प्रत्येकाला फरक दिसत होता, पण तो कुठल्या डब्याचा हे सांगता येईना. सौ. म्हणाली, जो मोठ्यानं बोलतो तो बरोबर ठरतो हे शोधायला व्हॉल्व्ह कशाला हवेत, माहेरी-सासरी दोन्हीकडे पाहिलं आहे. तरीही मी व्हॉल्व्हवाला मागवला. त्याचं कारण आवाज नव्हतं. केशरी उजेड होता. अठरा हजारांच्या डब्यात बघायला काहीच नव्हतं. निदान हा पेटतो.

मे महिन्यात नागपुरात घरात आणखी दोन गरम वस्तू आणणारा माणूस म्हणून गल्लीत माझी ओळख झाली, ती वेगळी.

या सगळ्यात पहिला, अ‍ॅम्पच्या पोटातला फोनो स्टेज तसाच आहे. कधीमधी चुकून वायर तिकडे जाते, दोन-दोन दिवस कळत नाही. पण हे पुण्याला कळवायचं कारण नाही.

बदललं ते काकांचं. एका संध्याकाळी ते कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. उलगडलं तर एचएमव्हीचा फिएस्टा. स्पीकर त्यातच, हँडल त्यातच, लावला की वाजतो. काकांनी तो लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतला होता आणि तो आजही वाजत होता. सुईचा हात थोडा थरथरत होता, काकांचाही.

"याले कोणता डबा लागते ते सांगा."

मी पाहिलं. आत सिरॅमिक कार्ट्रिज. ही जात मुळात इतकी मोठी बोलते, आणि तिचा कल असा की तिला खर्ज-तार दुरुस्त करायला वेगळं काही लागतच नाही. सरळ अ‍ॅम्पला जोडलं की झालं.

"काका, याला प्रीअ‍ॅम्प लागतच नाही."

काकांचा चेहरा पडला. "लागत नाही म्हणजे?"

"गरजच नाही. फार सोयीची वस्तू आहे."

"तुमच्याकडे तीन-तीन, अन् आमच्याले एक बी लागत नाही?" ते खुर्चीवर टेकले. "नीट पाहा नं. म्हातारा माणूस समजून सांगून नका राहू."

मी सुई दाखवली, वायरी दाखवल्या, कागदावर काढूनही दाखवलं. काका प्रत्येक गोष्टीला ‘होय’ म्हणत गेले आणि शेवटी कपाटावरच्या, आता रिकाम्या बसलेल्या अठरा हजारांच्या डब्याकडे बोट करून म्हणाले, "थो पडून आहे नं? दोन दिवस नेतो."

"पण काका, जोडणार कुठं?"

"पाहू."

सौ.नं डबा पुसून, पिशवीत घालून, वर चार मोसंब्या टाकून दिला. मी काही बोलायच्या आत.

दोन दिवसांनी काका अर्थिंगच्या खड्ड्याशी भेटले. हल्ली पाणी तेच घालतात.

"फरक आहे," ते म्हणाले.

"जोडला?"

"जोडला नाही. फिएस्टाच्या बाजूले ठेवला फक्त. दिवा लावून." त्यांनी बादली उपडी केली. "बाईंना बी कळला. त्या त म्हणतात, अजून एक उजव्या बाजूले पाहिजे."